‘या खात्यात व्यवहार नोंदवता येत नाहीत’ म्हणजे नेमके काय?

घरगुती हिशेबासाठी ग्नूकॅश हे मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना एक सूचना कधी ना कधी अडवतेच. बँकेची फाइल आयात करताना खाते निवडले, की पडद्यावर उमटते: हे प्लेसहोल्डर खाते आहे, यात व्यवहार नोंदवता येत नाहीत, दुसरे निवडा. बहुतेकांना वाटते की खात्याला कुलूप लागले आहे. मग पासवर्डाची शोधाशोध सुरू होते. बँकेच्या पीडीएफ उताऱ्याला पासवर्ड असतोच, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पण त्या पासवर्डाचा या सूचनेशी काहीही संबंध नाही. खात्याच्या संपादन-चौकटीत प्लेसहोल्डर नावाचा एक रकाना असतो. त्यावरची खूण काढताना सॉफ्टवेअर कोणाला काही विचारत नाही. शिवाय नेहमीच्या पद्धतीने जतन केलेली हिशेबाची फाइल म्हणजे फक्त आकसलेला एक्सएमएल मजकूर असतो; ती ज्याच्या हाती पडेल त्याला सगळे आकडे वाचता येतात. गोपनीयता हवी असेल तर डिस्क एन्क्रिप्ट करावी. ही खूण त्या कामाची नाही.

मग ती आहे कशासाठी? टॅली वापरणाऱ्याला हे चटकन उमगेल. तिथे व्हाउचर लेजरवर पडते, ग्रुपवर नाही. ग्नूकॅशमध्ये ग्रुप आणि लेजर असा जातिभेद नाही, सगळीच खाती. म्हणून ज्या खात्याने फक्त उपखात्यांची बेरीज दाखवायची, त्यावर ही खूण असते. तयार खातेरचनेत ‘मालमत्ता’, ‘खर्च’ अशी वरची खाती बहुधा अशीच असतात. समजा, ‘बँक खाती’ या मथळ्याखाली ‘बचत’ आणि ‘पगार’ अशी दोन उपखाती आहेत. सूचनेला कंटाळून खूण काढली आणि पगाराच्या खात्याचा उतारा थेट ‘बँक खाती’वर उतरवला, तर एकूण बेरजेत एका रुपयाचाही फरक पडणार नाही. नेमका हाच घोटाळा आहे. बेरीज बरोबर दिसते, पण महिनाअखेरीस बँकेच्या शिलकीशी जुळवणी करायला बसावे तर पगाराचे खाते रिकामे आणि नोंदी मथळ्यावर लटकलेल्या. म्हणजे सूचना आयातीला नाही म्हणत नव्हती. खतावणी कुठे करायची एवढेच विचारत होती.

यावर कोणी म्हणेल, चुकले तर नोंदी नंतर हलवता येतील की. येतात, पण द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात आणि आयात दोन्ही बाजूंना हात लावते. एक बाजू बँकेची, दुसरी किराणा, वीजबिल, पगार अशी. दुसरी बाजू सॉफ्टवेअर तुमच्या जुन्या निवडींवरून ताडते. ते जमले नाही आणि तुम्हीही काही निवडले नाही, तर ती रक्कम ‘असमतोल’ नावाच्या खात्यात जाऊन पडते. भरीस भर म्हणजे पुन्हा आयात केल्यावर होणाऱ्या दुबार नोंदी. १९९७ साली मायक्रोसॉफ्ट, इंट्युइट आणि चेकफ्री यांनी आणलेल्या ओएफएक्स फाइलमध्ये प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे आधी आलेला व्यवहार ओळखता येतो. आपल्याकडे हाती येते ती बहुधा सीएसव्ही: तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. तिथे ओळख पटवायची ती रक्कम आणि तारखेवरून. एकाच दिवशी यूपीआयने दोनदा चहाचे २० रुपये दिले, तर दोन ओळी खऱ्या की एक दुबार, हे शेवटी माणसालाच ठरवावे लागते. त्यात अख्खी आयात एका कळीसरशी मागे घेण्याची सोय नाही. दीडशे ओळी एकेक करून हलवण्यापेक्षा सुरुवातीलाच अर्धा मिनिट थांबून उपखाते निवडणे स्वस्त पडते.

म्हणून खूण कधीच काढू नये, असा सोवळेपणाही नको. बंद पडलेल्या खात्यात चुकून काही लिहिले जाऊ नये म्हणूनही लोक ती लावतात, आणि तिथे ती काढण्याला रास्त कारण असू शकते. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. समजा, हिशेबातले देना बँकेचे खाते तेव्हाच प्लेसहोल्डर करून ठेवले आणि २०१८-१९चा राहिलेला उतारा आज सापडला. त्या ओळींची जागा तेच खाते. अशा वेळी आधी फाइलची प्रत काढावी, खूण काढावी, उतारा ३१ मार्चपर्यंतच घ्यावा आणि त्या दिवसाची शिल्लक पासबुकाशी ताडून पाहावी. जुळली की खूण परत लावावी. १ एप्रिलपासूनच्या ओळी बडोद्याच्या खात्यात.