रेघ खरी की ताळेबंद?

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत अण्णा आणि नाना असे दोन शेजारी होते. दोघेही शेअरबाजाराचे वेडे, पण पंथ वेगळे. अण्णा रोज सकाळी वर्तमानपत्रातले बंद भाव आलेखाच्या कागदावर टिंबांनी मांडत आणि पट्टीने रेघा ओढत. नाना कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचत, तेही मागच्या पानापासून. कारण खरी गोम तळटिपांत असते असे त्यांचे मत. ‘‘अहो नाना, भावात सगळं आलेलं असतं,’’ अण्णा म्हणायचे. ‘‘मग किंमत कशात असते?’’ नाना विचारायचे. दोघांनीही भविष्यनिर्वाह निधीचे पैसे बाजारात घातलेले, त्यामुळे हा वाद नुसता चहापुरता नव्हता.

अण्णांचे शास्त्र तसे साधे आहे. शेअरचा भाव गेल्या दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर असला की कल तेजीचा, खाली घसरला की मंदीचा. वेल्स वाइल्डर या अमेरिकन अभियंत्याने १९७८ साली मांडलेला आरएसआय सत्तरच्या वर गेला की खरेदी अती झाली असे समजायचे, तीसच्या खाली आला की विक्री अती झाली असे. कंपनी सिमेंट करते की साबण, याच्याशी कर्तव्य नाही. नानांना मात्र नफा, कर्ज, लाभांश आणि मालकाची दानत एवढेच पाहायचे असते. पहिला गर्दी कुठे चालली ते सांगतो, दुसरा माल काय लायकीचा ते. प्रश्नच वेगळे असल्यावर उत्तरे जुळायची कशी?

१९९२ साली ही परीक्षा झाली. एसीसीचा शेअर काही महिन्यांत शेकड्यांतून हजारांत गेला. जुना कारखाना आज नव्याने उभारायला जो खर्च येईल, त्यावरून कंपनीचे मोल ठरवा, असे हर्षद मेहता सांगत होता. म्हणजे भडकलेल्या भावाला त्याने ताळेबंदाचाच अंगरखा चढवला होता! नानांनी नफ्याशी गुणोत्तर मांडले आणि शेअर विकून मोकळे झाले. नंतर तो आणखी किती वर गेला, हे अण्णा त्यांना रोज जिन्यात ऐकवत. २३ एप्रिलला बँकांच्या पैशांचा घोटाळा छापून आला आणि बाजार कोसळला. भाव इतक्या उंचीवर होता की दोनशे दिवसांची सरासरी कुठल्या कुठे खाली राहिली होती. ती ओलांडली जाईपर्यंत थांबणाऱ्याच्या हाती काय राहणार? तेव्हा पडद्यावरचे व्यवहारही नव्हते, कागदी प्रमाणपत्रे घेऊन दलालाकडे खेटे घालायचे. आणि अण्णांनी केले काय, तर रेघ मोडल्यावर अचानक म्हणू लागले, ‘‘कंपनी चांगली आहे हो, कारखाने कुठे पळून जातायत?’’

रेघेवर घेतलेला शेअर त्यांनी ताळेबंदावर सांभाळला. माझ्या मते सामान्य माणसाचे पैसे सर्वांत जास्त इथेच बुडतात.

नानांची पाळी यायला सोळा वर्षे लागली. २००८ साली जानेवारीतला २१ हजारांचा सेन्सेक्स ऑक्टोबरात ८ हजारांच्याही खाली जाऊन आला. सत्यम कॉम्प्युटर्सचा शेअर दोनशे दिवसांच्या सरासरीखाली घसरताच अण्णांनी तो फुंकून टाकला. त्यांना घोटाळ्याचा वास आला होता असे मुळीच नाही. सगळाच बाजार पडत होता आणि त्यांची रेघ सरसकट सगळ्यांनाच विका म्हणत होती. नानांनी मात्र धरून ठेवला. कर्ज नाममात्र, गंगाजळी हजारो कोटींची, वर उत्तम कारभाराचा पुरस्कार! आणखी काय हवे?

१६ डिसेंबरला कंपनीने अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाच्याच दोन ‘मेटास’ कंपन्या घ्यायचे जाहीर केले. (सत्यमची इंग्रजी अक्षरे उलटी लावली की मेटास होते.) गुंतवणूकदार खवळले, काही तासांत बेत गुंडाळला गेला. मालकाची दानत पाहणाऱ्याला यापेक्षा ढळढळीत इशारा कोणता? पण डिसेंबरात उतरलेला भाव जानेवारीच्या सुरुवातीला १७९वर आला, तेव्हा नाना मला जिन्यात थांबवून म्हणाले, ‘‘सावरतोय बघा.’’ जन्मभर रेघांना हसलेला माणूस!

७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी पत्र लिहून कबुली दिली. पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या शिल्लकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या दिवशी शेअर ४० रुपयांवर बंद झाला.

संध्याकाळी अण्णांबरोबर नानांकडे गेलो. सत्यमचा जुना अहवाल टेबलावर उघडा होता. रोकड आणि बँकेतील शिल्लक या ओळीखाली नानांच्या पेन्सिलीची खूण होती, दोनदा ओढलेली. अण्णा ती बघत उभे राहिले. काही बोलले मात्र नाहीत.