इमानी सोबत्याचे वार्धक्य

मनुष्याने पाळलेल्या प्राण्यांत कुत्रा हा त्याचा सर्वांत जुना सोबती होय. शेतावर, वाड्याच्या दारी, धनगरांच्या वाड्यावर त्याने रात्रीच्या रात्री जागून राखण केली आहे. परंतु ज्या घराची त्याने दहा-बारा वर्षे राखण केली, त्याच घरी उतारवयात त्याची हेळसांड झालेली पुष्कळदा दिसते. हाकेस ओ देत नाही, म्हणून त्याला हट्टी म्हणतात. जागचा हलत नाही, म्हणून आळशी ठरवतात. वास्तविक तो हट्टीही नसतो व आळशीही नसतो. त्याची इंद्रिये व सांधे थकलेले असतात.

थोराड बांध्याच्या कुत्र्यास सातव्या वर्षाच्या सुमारास, तर लहान चणीच्या कुत्र्यास त्यानंतर दोन-तीन वर्षांनी वार्धक्य येऊ लागते. तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात. डोळ्यांतील भिंग घट्ट होऊन बाहुलीत निळसर झाक दिसते. कान मंद होतात. सांध्यांतील कूर्चा झिजते. त्यामुळे पायरी चढताना तो थबकतो आणि थंडीत सकाळी उठताना त्याचे पाय आखडतात.

मनुष्य आपले दुखणे बोलून दाखवतो. मुका प्राणी ते वागणुकीतून सांगतो. तोंडात घेतलेला घास खाली पडू लागला, तर दात किंवा हिरड्या दुखत असाव्यात. एकाएकी फार पाणी पिऊ लागला, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. अंगाला हात लावताच गुरगुरू लागला, तर कोठेतरी वेदना असावी. ‘वय झाले, चालायचेच’, असे म्हणून ही लक्षणे सोडून देणे योग्य नव्हे. वार्धक्य हा रोग नाही; परंतु वार्धक्याच्या आड रोग लपून राहतो.

अशा प्राण्याची शुश्रूषा मुलांनाही करता येते. त्याला निजावयास ओल व वारा लागणार नाही अशा जागी जाड गोधडी घालावी. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून तेथे गोणपाट अंथरावे. अन्न मऊ, बेताचे व दोन-तीन वेळा विभागून द्यावे. वजन वाढले की सांध्यांवर भार पडतो. कांदा, लसूण, मनुका व चॉकलेट त्याला विषासमान आहेत. स्वच्छ पाणी सदैव जवळ असावे. ज्याला कमी दिसते, त्याच्या पाण्याच्या भांड्याची जागा बदलू नये. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्याजवळ समोरून जावे; निजला असता एकदम स्पर्श केल्यास तो दचकून चावेल. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला त्याच्या चालीने थोडे फिरवावे.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या त्याला कधीही देऊ नयेत. त्यांनी जठर व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. औषध पशुवैद्याकडूनच घ्यावे, वर्षातून दोनदा तपासणी करावी आणि रेबीजची लस म्हातारपणीही चुकवू नये. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. आज तालुक्याच्या गावीही पशुवैद्यकीय दवाखाने आहेत.

वाटेत सोबत करणाऱ्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे युधिष्ठिराने नाकारले, अशी कथा महाभारतात आहे. आपल्यापुढे एवढी कठीण परीक्षा नाही. कोरडी गोधडी, मऊ घास व थोडा वेळ एवढेच आपल्याला द्यावयाचे असते. ज्याने आयुष्यभर आपले दार राखले, त्याला अखेरच्या दिवसांत त्याच दाराआड ऊब मिळावी, हा त्याचा हक्कच होय.