शेततळ्याला कुंपण कोण घालणार?

मंगळवेढा म्हटले की आम्हाला आधी संत चोखामेळा आठवतात. 1338 साली इथल्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबांसह अनेक महार मजूर गाडले गेले, असे परंपरा सांगते. त्या मरणाची कथा भक्तिभावाने सांगितली गेली. पण भिंत बांधून घेणारा कोण होता, मजुरांच्या जिवाची काळजी त्याने घेतली होती काय, हे फारसे कुणी विचारले नाही. काळा कोट अंगावर चढल्यापासून हा प्रश्न आमची पाठ सोडत नाही. आज तो शेततळ्याच्या काठावर उभा आहे.

दुष्काळी तालुक्यात बागा जगवायला शेततळी आली. 2016 साली सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. त्यातले मोठे तळे 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल. आमचा त्याला विरोध नाही, दुष्काळात पाणी साठवणारा आमचा वैरी नव्हे. पण शहरातला बंगलेवाला पोहण्याच्या तलावाला निदान शिडी आणि फाटक करतो. इथे उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला, त्यावर शेवाळ धरले, की पाय ठरत नाही. विहिरीला कपारी असतात, इथे हाताला धरायला काही नाही. पट्टीचा पोहणाराही दमून बुडतो. म्हणूनच एका लेकरामागे त्याला काढायला उतरलेला भाऊ, त्यामागे आई, अशा बातम्या आपण वाचतो.

मालकाचेही पोर बुडते, दुःख तिथेही तेवढेच. पण दिवसभर खुरपायला जाणाऱ्या बाईने लेकरू ठेवायचे कुठे? ते तिच्याबरोबर बांधावर येते आणि पाणी त्याला बोलावते. शिवाय आमच्या वस्तीतल्या पोरांना पोहता येत नाही, त्यालाही इतिहास आहे. गावची पोरे पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली, तेव्हा आमच्या आजोबांना त्याच विहिरीचे पाणी वरून ओतून घ्यावे लागत होते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन हक्क बजावला. पोहायला शिकणे मात्र मागेच राहिले.

मूल बुडाले की आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, कागद मिटतो. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी भारतीय न्याय संहितेत कलम 106 आहे, पूर्वीचे 304-अ. पण तक्रार देणार कोण? उद्या त्याच बांधावर कामाला जायचे असते, उचलही फिटलेली नसते. गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत पाण्यात बुडून मृत्यू झाल्यास शेतकरी कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात, वयाची अट 10 ते 75. मजुराच्या नावावर सातबारा नाही आणि लेकरू सहा वर्षांचे. म्हणजे दोन्हीकडून बाद! बोअरवेलच्या उघड्या खड्ड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली कुंपणासह उपाय बंधनकारक केले. मग शेततळ्याला तोच न्याय का नको?

खर्च फार नाही. चारही बाजूंनी तारेचे कुंपण आणि कुलूप लागणारे फाटक. चारही उतारांवर खुंट्याला बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर. काठावर हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट असलेला रिकामा कॅन, दोरीसकट. बुडणाऱ्याकडे आधी ते फेकावे, स्वतः उडी घेऊ नये. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि दुसऱ्याने 108 ला फोन करावा. तरुणांनी हे सरकारी दवाखान्यातून रीतसर शिकून घ्यावे.

1 मेच्या ग्रामसभेच्या सुमारास शाळांना सुट्टी लागते. त्या सभेत दोन ठराव मांडा: कुंपणाशिवाय शेततळ्याचे अनुदान देऊ नये, अशी मागणी कृषी विभागाकडे करावी आणि सुगीत मजुरांच्या मुलांसाठी अंगणवाडी दिवसभर उघडी ठेवावी. महिलांनी सह्यांसाठी पुढे यावे. अर्जाचा मसुदा आम्ही फुकट लिहून देऊ.