दूरदर्शनची निर्माती ते पटकथाकार : सई परांजपे यांच्या लेखनाची जडणघडण

प्रस्तावना

मराठी साहित्याच्या इतिहासात कथा, कादंबरी, कविता व नाटक यांची सविस्तर नोंद आढळते. दूरचित्रवाणीसाठी झालेल्या लेखनाला मात्र त्यात क्वचितच स्थान मिळते. सई परांजपे यांची ओळखही प्रामुख्याने चित्रपट दिग्दर्शिका म्हणून करून दिली जाते. वस्तुतः त्यांच्या पटकथालेखनाची पूर्वतयारी दूरदर्शनवर झाली. प्रस्तुत लेखात या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीचा विचार केला आहे.

जडणघडण

सई परांजपे यांचा जन्म १९ मार्च १९३८ रोजी लखनौ येथे झाला. रँग्लर र. पु. परांजपे हे त्यांचे आजोबा, तर संततिनियमनाच्या प्रसारक व लेखिका शकुंतला परांजपे या त्यांच्या मातोश्री होत. त्यांचे बालपण पुण्यात व काही काळ ऑस्ट्रेलियात गेले. वयाच्या आठव्या वर्षी 'मुलांचा मेवा' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुणे आकाशवाणीवर निवेदिका म्हणून काम केल्यानंतर त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९६३ मध्ये पदवी घेतली. केवळ ध्वनीवर विसंबणारी आकाशवाणी आणि मर्यादित रंगावकाशाचे नाटक, या दोन्ही माध्यमांनी त्यांच्या संवादलेखनाला शिस्त लावली.

दूरदर्शनवरील कार्य

दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले आणि १९७६ पर्यंत हे माध्यम आकाशवाणीच्याच अखत्यारीत होते. त्या काळातील 'निर्माता' म्हणजे भांडवल गुंतवणारी व्यक्ती नव्हे. संहितेपासून चित्रीकरणापर्यंत सर्व जबाबदारी सांभाळणारा तो संस्थेचा कार्यकर्ता असे. परांजपे यांनी याच अर्थाने निर्माती व दिग्दर्शिका म्हणून काम केले. १९७२ मधील 'द लिटल टी शॉप' या त्यांच्या दूरचित्रपटास तेहरान येथे एशियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाच्या निर्मितीसाठी त्यांचीच निवड झाली होती.

पटकथांचे स्वरूप

तुटपुंजा निधी, लहान स्टुडिओ व मोजका वेळ या मर्यादांत भव्यतेला वाव नसतो. तेथे लेखकाचा भर व्यक्तिरेखा, बोली व दैनंदिन प्रसंग यांवर असणे स्वाभाविक ठरते. परांजपे यांच्या चित्रपटांतही हेच गुण ठळकपणे दिसतात. 'स्पर्श'चे कथानक अंध मुलांच्या शाळेभोवती फिरते, 'चश्मे बद्दूर' (१९८१) दिल्लीत एका खोलीत राहणाऱ्या तीन विद्यार्थ्यांभोवती, तर 'कथा' (१९८३) मुंबईच्या चाळीभोवती. 'कथा'चा आधार शं. गो. साठे यांचे 'ससा आणि कासव' हे नाटक होय. 'स्पर्श'च्या पटकथेस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे. सामान्य माणसाविषयी त्यांना वाटणारी आस्था उपदेशाच्या सुरात व्यक्त होत नाही. ती बहुधा विनोदाच्या अंगाने येते.

मालिकांचा काळ

७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली आणि प्रायोजित मालिकांचे युग अवतरले. निर्मितीची सूत्रे हळूहळू खासगी संस्थांकडे गेली. या संक्रमणकाळात परांजपे यांनी 'अडोस पडोस' (१९८४) व 'छोटे बडे' (१९८५) या मालिका केल्या. शेजार व कुटुंब हाच त्यांच्या आवडीचा परिसर येथेही कायम राहिला. पुढे 'दिशा' (१९९०) मध्ये त्यांनी गावातून मुंबईत आलेल्या श्रमिकांचे जीवन मांडले. २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान प्राप्त झाला.

समारोप

दूरदर्शनच्या आरंभकाळातील अनेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. ध्वनिचित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. परिणामी त्या काळातील बरेच लेखन दृश्यरूपात उरलेले नाही. अशा स्थितीत २०१६ मध्ये राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केलेले 'सय : माझा कलाप्रवास' हे परांजपे यांचे आत्मकथन केवळ वाचनीय पुस्तक राहत नाही, ते माध्यमाच्या इतिहासाचे साधन ठरते. तथापि आत्मकथनात स्मृतीची निवड असते, म्हणून ते मूळ संहितेची जागा घेऊ शकत नाही. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत 'माध्यमांसाठी लेखन' हा घटक शिकवताना उपलब्ध संहिता मिळवणे, जतन करणे व साहित्यकृती म्हणून त्यांचे वाचन करणे अगत्याचे आहे. अन्यथा एका संपूर्ण पिढीचे लेखन अभ्यासाविनाच विस्मृतीत जाईल.