कॅनडाचा कॉफीचा पेला

टिम हॉर्टन हा कॅनडांतील बर्फावरील हॉकीचा नामांकित खेळाडू. १९६४ सालीं हॅमिल्टन शहरीं त्याच्या नांवाचें कॉफीचें दुकान निघालें. १९७४ त मोटार-अपघातांत तो वारला. पण राष्ट्रीय खेळाचें तेज दुकानांस चिकटलें तें चिकटलेंच. दोन मापें साय व दोन मापें साखर घातलेली तेथील कॉफी म्हणजे ‘डबल-डबल’. हा शब्द २००४ सालीं कॅनडाच्या ऑक्सफर्ड कोशांतही शिरला! पुढें २००६ पासून २०११ पर्यंत अफगाणिस्तानांत, कंदाहारच्या छावणींत, कॅनेडियन शिपायांसाठीं एक शाखा चालली. घरची आठवण पेल्यांतून पोंचविण्याची ही युक्ति विलक्षणच. मालक मात्र पालटत गेले. १९९५ सालीं वेन्डीज या अमेरिकन कंपनीनें तीं दुकानें घेतलीं, आणि २०१४ च्या विलीनीकरणानंतर मोठा हिस्सा ब्राझिलियन भांडवलदारांच्या मंडळीकडे गेला. विद्यार्थिमित्रहो, आतां हा पेला कोणाचा म्हणावा?