गोदाकाठचा सुला मळा आणि त्याची रेड वाइन

नाशिक शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या जलाशयालगत, गंगापूर–सावरगाव रस्त्यावर सुला व्हिनयार्ड्सचा द्राक्षमळा आणि त्याला जोडून वाइनरी आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ६०० मीटर, जमीन सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिजून बनलेली, निचऱ्याची. डिसेंबर-जानेवारीत इथे दिवस उबदार आणि रात्री चांगल्याच गार असतात. दिवसा मण्यात साखर भरते आणि रात्रीच्या गारव्यामुळे आंबटपणा टिकून राहतो. वाइनच्या द्राक्षाला दोन्ही लागतात.

स्टॅनफर्डला शिकून अमेरिकेत नोकरी केलेले राजीव सामंत १९९०च्या दशकात नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर परतले. आंबा, खाण्याची द्राक्षे असे प्रयोग करून झाल्यावर १९९७च्या सुमारास त्यांनी वाइनच्या वेली लावल्या. कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे मार्गदर्शन मिळाले. आई सुलभा यांच्या नावावरून मळ्याचे नाव ‘सुला’ ठेवले गेले आणि २०००मध्ये पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. त्या सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या व्हाइट वाइनच्या होत्या. त्याआधी नारायणगावला चौगुले कुटुंबाच्या इंडेज कंपनीने फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन काढून वाट पाडलेली होती. सुलाचे नाव व्हाइटने झाले, पण मळ्याचा खरा कस लागला तो रेडमध्ये.

याचे कारण सालीत आहे. व्हाइट वाइनसाठी द्राक्षे आधी दाबून फक्त रस आंबवतात. रेडसाठी काळ्या द्राक्षांची देठे काढून ती फोडतात आणि साल-बियांसकट टाकीत आंबवतात. रंग, तुरटपणा आणि मुरण्याची ताकद मुख्यतः सालीतून उतरते. टाकीत वर तरंगणाऱ्या सालींच्या थरावर खालचा रस पुन्हा पुन्हा पंपाने सोडावा लागतो. म्हणूनच साल पुरती पिकलेली हवी आणि मणी लहान हवा. निर्यातीच्या द्राक्षाला जीए हे वाढीचे संजीवक देऊन मणी फुगवणाऱ्या नाशिकच्या बागाईतदाराला हे सगळे उलटे वाटते. वाइनच्या मळ्यात वेलीवरचे घड मुद्दाम कमी ठेवतात, मण्यांत बिया असतात आणि एकरी माल थोडाच निघतो. ठिबकचे पाणीही हात राखूनच सोडायचे. जळगावकरांना ठिबक नवे नाही, पण वेलीला थोडी तहान लावण्यासाठी त्याचा असा वापर केळीच्या बागेत कोणी करणार नाही.

फ्रान्समधल्या बोर्दोत वेल कडाक्याच्या थंडीत झोपते, वर्षातून एकदा छाटली जाते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. नाशिकला वेल झोपत नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नवी काडी तयार करतात आणि पावसाळा सरताना दुसरी, गोडी छाटणी घेऊन फळ धरतात. तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे कोरड्या दिवसांत येते. बोर्दोच्या शेतकऱ्याला तोडणीच्या तोंडावर पावसाची धास्ती असते. इथे गोडी छाटणीनंतरचा परतीचा पाऊस केवडा रोग आणतो आणि अवकाळी गारपीट उरलेले नासवते. दख्खनमध्ये रेड वाइन जमली ती या फिरवलेल्या वर्षामुळे. मळ्याचे हे सगळ्यात मोठे शहाणपण, आणि ते नाशिकच्या द्राक्षबागाईतदारांनी आधीच कमावलेले होते.

सुलाच्या रेडमध्ये शिराझला मान आहे. हे वाण मूळचे फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातले, तिथे त्याला सिरा म्हणतात. ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ ओकच्या पिंपात मुरवली जाते. तिच्या वरची पायरी ‘रासा शिराझ’. निवडक द्राक्षांची ही वाइन दाट, काळ्या फळांच्या आणि मिऱ्याच्या वासाची आहे आणि बाटलीत काही वर्षे ठेवण्याजोगी आहे. रोजच्या जेवणासाठी साधी शिराझ-कॅबर्ने पुरते. काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबरही तिचा मिरीचा सूर दबत नाही. सगळी द्राक्षे कंपनीच्या मळ्यातली नसतात. परिसरातील शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार करून बराच माल घेतला जातो.

फ्रान्समध्ये मळ्याचे नाव हीच प्रतिष्ठा. १८५५मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या रेड वाइनची पाच श्रेणींत प्रतवारी झाली. शातो मार्गो, लाफीत, लातूर आणि ओ-ब्रियों पहिल्या श्रेणीत आले, आणि त्यानंतर त्या श्रेणीत १९७३मध्ये एकट्या मूतों-रोथशिल्डची भर पडली. नाशिकला अशी प्रतवारी नाही, मात्र ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे. जळगावच्या मेहरूणची बोरे जशी गावाच्या नावाने ओळखली जातात, तसेच हे. जळगावच्या केळी आणि भरीताच्या वांग्यालाही असेच मानांकन मिळालेले आहे.

वाइनरीत २००५पासून चाखण्याची खोली आहे. मार्गदर्शक टाक्या आणि पिंपांची तळघरे दाखवतो, मग वेगवेगळ्या वाइन थोड्या थोड्या चाखायला मिळतात. खानदेशातून जाणाऱ्यांना भुसावळ–मुंबई मार्गावरील गाडीने नाशिकरोडला उतरता येते किंवा धुळे–मालेगावमार्गे रस्त्याने पोहोचता येते. तोडणी आणि गाळप प्रत्यक्ष पाहायचे तर जानेवारी-फेब्रुवारीत जावे.