फेणी ‘देशी दारू’ नाही, हे २०१६ मध्ये कायद्याने का ठरवावं लागलं?

बेल्जियमच्या ब्रसेल्स शहरात कॅन्टिलॉन नावाची छोटी ब्रुअरी आहे. १९०० साली सुरू झालेली ही ब्रुअरी आजही त्याच कुटुंबाकडे आहे. तिथे बिअर आंबवायला बाहेरून यीस्ट घालत नाहीत, हवेतलं आणि लाकडी पिंपांमधलं यीस्टच ते काम करतं. बेल्जियमच्या या बिअर संस्कृतीला युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

आपल्या शेजारच्या गोव्यातही अशीच घरगुती कला पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती म्हणजे काजूची फेणी. पण तिची सरकारी ओळख मात्र ‘देशी दारू’ अशीच होती.

फेणी बनते कशी?

काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणलं. साधारण मार्च ते मे हा फेणीचा हंगाम. झाडाखाली गळून पडलेली पिकलेली बोंडं गोळा करायची, बी वेगळी काढायची आणि बोंडं पायांनी तुडवून रस काढायचा. उरलेल्या चोथ्यावर दगडाचं वजन ठेवलं की थेंब थेंब गोड रस गळतो, तो नीरो. नीरो ताजाच प्यायला जातो.

तुडवून काढलेला रस काही दिवस आंबवतात. इथेही वेगळं यीस्ट लागत नाही, बोंडांवरचं नैसर्गिक यीस्ट पुरतं. मग तो भट्टीवर चढतो. पहिल्या उकळीतून मिळतो हुर्राक, त्यात साधारण १५ टक्के अल्कोहोल असतं. तो हंगामातच संपवतात. हुर्राक आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी मिळते, साधारण ४२ टक्क्यांची. ‘फेण’ म्हणजे फेस, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात.

मग अडचण कुठे होती?

अडचण ‘देशी’ या शिक्क्यात होती. दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, त्यामुळे देशी दारूचे नियम राज्यागणिक बदलतात. परिणामी फेणी गोव्याबाहेर विकणं अवघड होतं. २००९ मध्ये काजू फेणीला जीआय मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव फक्त गोव्यातल्या उत्पादनालाच वापरता येतं. तरीही शिक्का तोच राहिला. अखेर २०१६ मध्ये गोव्याने अबकारी कायद्यात बदल करून फेणीला देशी दारूच्या वर्गातून बाहेर काढलं आणि ‘वारसा पेय’ हा दर्जा दिला.

महाराष्ट्राचा काय संबंध?

सिंधुदुर्गात काजूच्या बागा आहेत, विदर्भाच्या जंगलांत मोहाची झाडं. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही काजूबोंडं आणि मोहाफुलांपासून बनणाऱ्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. गंमत बघा, इथल्याच मातीतल्या फुलाफळांच्या दारूला मान मिळवायला ‘विदेशी’ व्हावं लागलं!

अर्थात दर्जा बदलला म्हणून भट्टी आपोआप चालत नाही. बोंडं आजही एकेक करून वेचावी लागतात आणि हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. कायद्याने बाजाराचं दार उघडलं, पण भट्टीपाशी बसायला घरातली पुढची पिढी तयार आहे का, यावरच फेणीचं भविष्य ठरणार आहे.